कोमट औषध

"चोरी झालीय. पण तक्रार करायची नाहीये."

फोनवरच्या बाईचा आवाज दबका होता आणि मागे नळ सोडलेला ऐकू येत होता. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडून बोलणारी माणसं चौकशीबाईंना नवीन नव्हती. विमा कंपनीत त्यांचा सगळा जन्म चोरीचे दावे तपासण्यात गेला होता. खरी चोरी कोणती आणि विम्यासाठी रचलेली कोणती, हे त्या तुटलेली कडी बघून सांगत. सहकाऱ्यांनी चिडून ठेवलेलं 'चौकशीबाई' हे नाव निवृत्तीनंतरही सुटलं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्यांना ते आवडायचं.

"तक्रार करायची नाही, मग मला कशाला बोलावता?"

"चोर कोण ते मला माहीत आहे. फक्त सिद्ध करायचंय. सोमवारच्या आत."

"आज गुरुवार."

"म्हणून तर फोन केला," बाई म्हणाली, आणि नळ बंद झाला.

घर बैठं होतं, जुनं पण नीटनेटकं. भिंतींवर कमरेच्या जरा वर एक लांबच लांब मळकट पट्टा उमटला होता. स्वयंपाकघरापासून न्हाणीपर्यंत, तिथून खिडकीपर्यंत. खिडकीशी एक म्हातारी रेडिओ मांडीवर घेऊन बसली होती.

"माझ्या सासूबाई. माई म्हणतात सगळे. त्यांना दिसत नाही. भिंतीला हात लावून फिरतात, त्याचा डाग आहे तो."

बाई चाळिशीची, बँकेत कर्ज विभागात अधिकारी. कपडे इस्त्रीचे, डोळे सुजलेले. तिने चौकशीबाईंना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"नवरा इथे राहत नाही दिसत. घटस्फोट झाला की व्हायचाय?"

"होत आलाय. मूलबाळ नाही. भांडीकुंडी, गाडी, ठेवी, सगळ्याची वाटणी झाली. फक्त घर राहिलंय. दोघांच्या नावावर आहे. मी त्यांच्या अर्ध्या हिश्श्याचे पैसे सोमवारी कोर्टात भरले तर घर माझं. नाही भरले तर त्यांना संधी. दोघांनाही नाही जमलं तर विकून टाकायचं."

"आणि माई?"

"माईंना हे घर बोटांनी पाठ आहे. दुसऱ्या घरात पहिल्याच दिवशी पडतील. ते राहतात त्यांच्या चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, जिना असा की धडधाकट माणसाने हातपाय मोडून घ्यावेत." ती कसनुसं हसली. "नवरा सुटला, पण सासू काही सुटली नाही. आणि मला सोडायचीही नाही."

"बरं. गेलं काय?"

बाई जमिनीकडे बघत राहिली. चौकशीबाई थांबल्या. थांबण्याचा त्यांना पगार मिळायचा.

"सोनं. लहान लहान बिस्किटं. दर बोनसला एकेक घेत गेले. गोल डब्यात ठेवली होती. घराचे पैसे त्यातूनच भरणार होते. भावाने उसने दिले असं दाखवणार होते."

"कोर्टात दोघांनीही आपापली मालमत्ता शपथेवर लिहून दिली असेल ना? त्यात हे सोनं होतं?"

बाईचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"मी रोज समोरच्या खुर्चीतल्या माणसाला सांगते," ती शेवटी म्हणाली, "अर्जात काहीही लपवू नका, आम्हाला कळतंच. आणि मीच..." तिने पदराने तोंड दाबलं. "लाज वाटते हो. आरशात बघवत नाही. आता ओरडले तर मीच खोटी शपथ घेतली हे कबूल केल्यासारखं होणार. सांगताही येत नाही आणि सहनही होत नाही."

दिव्याखाली अंधार ही म्हण चौकशीबाईंच्या ओठांवर आली होती, ती त्यांनी गिळली. समोरची बाई ती म्हण स्वतःला आधीच हजारदा ऐकवून बसली होती.

"डबा ठेवला कुठे होता?"

"कोपऱ्यावरच्या औषधवाल्या काकांकडे. माईंच्या इन्शुलिनसाठी आमची जा-ये असतेच, कोणाला संशय आला नसता. या गल्लीत कोणाला कसला आजार आहे ते फक्त त्यांना ठाऊक, पण तोंडातून कधी शब्द नाही. काल दुपारी डबा आणायला गेले तर ते डोक्याला हात लावून बसलेले. कपाट फोडलेलं."

"आणि चोर?"

"नवरा. दुसरं कोण? आदल्या संध्याकाळी आईचं औषध न्यायला म्हणून आला आणि आतल्या खोलीत एकटाच होता. काकांनी नाव घेतलं नाही, मीच खोदून विचारलं तेव्हा बोलले."

"त्याला विचारलंत?"

"काय विचारू? 'मी तुमच्यापासून लपवलेलं सोनं तुम्ही चोरलंत का?'"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

*

औषधवाले काका पांढऱ्या केसांचे, मृदू बोलणारे. समोरच्या खोकणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी काही न विचारता बाटली दिली, वर सुट्टे पैसे नकोत म्हणाले. मग चौकशीबाईंना मागच्या खोलीत नेलं.

"पोरीने सांगितलं तुम्ही येणार म्हणून. मी औषधं विकतो बाई, गोष्टी विकत नाही. म्हणून लोक विश्वास टाकतात. आणि माझ्याच घरात हे व्हावं!"

लोखंडी कपाटाची कडी उचकटलेली होती. स्क्रू मुळासकट उपटले होते. वरच्या दोन फळ्यांवर झोपेच्या आणि दुखण्याच्या कडक गोळ्यांची पाकिटं ओळीत लावलेली होती.

"ही पाकिटं नंतर लावलीत?"

"नाही, जशीच्या तशी आहेत. चोराला फक्त खालची फळी हवी होती."

खालच्या फळीवर अंथरलेला कागद धुळीने मळला होता, दोन जागा सोडून. एक गोल. तिच्या शेजारी एक चौकोनी, साधारण दीड वीत लांब आणि वीतभर रुंद. चौकशीबाईंनी हात टेकवून बघितला.

"गोल तर डब्याची जागा. ही चौकोनी कसली?"

काकांनी उसासा टाकला. "माझी स्वतःची पेटी होती. जुने दागिने, बायकोच्या आठवणी. तीही गेली. पण माझं जाऊ द्या. मला त्या पोरीचं वाईट वाटतं."

"हे कपाट फुटलं की औषध खात्याला कळवावं लागतं ना?"

"लागतं. नाही कळवलं तर परवाना जाईल. पण कळवलं की चौकशी आली, आत काय काय होतं हे आलं. पोरीची अब्रू जाईल. म्हणून गप्प बसलोय. तिच्यासाठी."

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि उलगडला. आत काडीएवढा बारीक स्क्रू ड्रायव्हर होता.

"हा कपाटाखाली सापडला. कोणाचा ते मी सांगणार नाही. तुम्हीच ओळखा."

ओळखायला काय लागतं? नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. चौकशीबाईंनी ती काडी चिमटीत धरली, कडीकडे बघितलं, पुन्हा काडीकडे बघितलं. एवढ्याशा हत्याराने कान कोरता आला असता. कडी उपटता आली असती की नाही, हे त्या मनातल्या मनात म्हणाल्या.

निघताना कोपऱ्यातल्या लहान फ्रीजला त्यांचा पाय लागला. फ्रीजची वायर गुंडाळून वर ठेवली होती आणि दाराला एक चिमुकलं नवं कुलूप होतं. शेजारी थर्माकोलची पेटी होती. झाकण उघडं, आत बाटल्या आणि तळाला पाणी.

"बिघडलाय," काका म्हणाले. "मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करतोय."

"कधीपासून?"

"झाले दोन-चार दिवस. बाई, पोरीला एवढं सांगा, घराची काळजी करू नकोस. विकायचीच वेळ आली तर मी घेईन, बाजारभावापेक्षा चार पैसे कमी पडतील, पण माईंना तिथेच राहू देईन. हे काल तिची अवस्था बघून सुचलं मला. म्हातारपणी कोणाच्या तरी उपयोगी पडावं."

चौकशीबाई बाहेर आल्या तेव्हा काका दुसऱ्या एका गिऱ्हाइकाची चौकशी करत होते. देवमाणूस, कोणीही म्हटलं असतं.

*

चष्म्याच्या दुकानात नवरा एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमची दांडी वाकवत होता. उंच, वाकलेला, दाढी वाढलेली. चौकशीबाईंनी नंबर तपासून घेतला.

"काचांची पेटी नवीन दिसते," त्या म्हणाल्या. तपासणीच्या काचा ओळीने खोचलेली ती पेटी टेबलावर उघडी होती. दीड वीत लांब, वीतभर रुंद.

"हो. जुनी मोडीत काढली."

"परवा औषधाच्या दुकानात चोरी झाली, कळलं का?"

त्याच्या हातातली काच टेबलाखाली पडली. तो उचलायला वाकला आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकून राहिला.

"तुम्हाला तिने पाठवलं?"

"हो."

"मग मला काय विचारता? तिलाच विचारा."

"काय गेलं ते नाही विचारलंत तुम्ही."

"मला काय करायचंय!" तो एकदम ओरडला आणि लगेच वरमला. "माफ करा. तिथे काय गेलं, कोणाचं गेलं, माझा काही संबंध नाही. लिहून देतो हवं तर."

"तुमचा बारका स्क्रू ड्रायव्हर हरवलाय?"

"काकांच्या चष्म्याचा स्क्रू बसवून दिला गेल्या आठवड्यात, तिथेच काउंटरवर राहिला असेल. का?"

"सहज. सोमवारी तिला पैसे नाही भरता आले तर तुम्ही भरणार?"

तो हसला. त्या हसण्यात फार वाईट काहीतरी होतं. "भरणार होतो. आता नाही जमणार. घर काका घेताहेत ते बरंच आहे. आई तरी तिथेच राहील. माझ्याकडे आणायचं म्हटलं तर हा जिना. आईला दिसत नाही आणि मुलगा जगाला चष्मे विकतो. माझ्यासारख्याने यापेक्षा जास्त काय बोलावं?"

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "तिची छत्री मिळाली का तिला?"

"कसली छत्री?"

"काही नाही," तो म्हणाला आणि दांडी वाकवायला बसला. यावेळी ती मोडली.

*

दुसऱ्या दिवशी सून बँकेत गेलेली असताना चौकशीबाई माईंना भेटल्या. माईंनी आवाजावरून त्यांना ओळखलं आणि खुर्ची नेमकी कुठे आहे ते बोट दाखवून सांगितलं.

"माई, ही दोघं तुमचं औषध आणायला जायची ना?"

"दोघंही. आळीपाळीने. आणि दोघांनाही वाटायचं मला कळत नाही." माईंनी रेडिओ बंद केला. "माझी औषधाची बाटली अंगठ्याएवढी. ती आणायला जाताना पिशवी जमिनीला ठक्क करून टेकवावी लागते होय? जाताना जड, येताना हलकी. आधी एक तसा गेला. मग थोड्या दिवसांनी दुसरी. मी गप्प बसले."

"का?"

"काय बोलू? मुलगा लपवतो आणि सूनही लपवते, दोघंही मला जेवलात का विचारतात. कोणाची चुगली करू? माझीच लाज मला वाटली, की यांच्यात मी राहते, खाते, आणि माझ्यासमोर हे चाललंय. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी गत."

"आता इंजेक्शन कोण देतं?"

"सकाळी सून. दुपारी काका येऊन देतात, बिचारे. फक्त ते आणतात ते औषध हल्ली कोमट असतं."

चौकशीबाई पुढे सरकल्या. "म्हणजे?"

"पूर्वी बाटली हातात घेतली की गार लागायची. आता कोमट. आणि साखर वाढलीय, सून रोज मोजते. मला म्हणते, माई, चोरून गोड खाता का? मी कशाला चोरून खाऊ? या घरात चोरायला माणसं कमी आहेत का!" म्हातारी हसली आणि मग हसता हसता डोळे पुसायला लागली.

"काका एकटेच येतात?"

"नेहमी एकटेच. मंगळवारी बरोबर कोणीतरी होतं. बुटांचा आवाज, आणि तो पट्टीचा आवाज, खर्रर्र करून बाहेर येते आणि फट्टकन आत जाते. काका म्हणाले, खिडक्यांना जाळ्या बसवायच्यात, सुनेने सांगितलंय. पण तो माणूस न्हाणीतली भिंतही मोजत होता. न्हाणीला कुठली जाळी?"

"मंगळवार नक्की?"

"मंगळवारी सून उशिरा येते. म्हणूनच माझ्या लक्षात राहिलं."

चौकशीबाईंनी तिथेच बसून बँकेत फोन लावला. जाळ्यांचं सुनेला काहीच ठाऊक नव्हतं. छत्री? हो, ती औषधाच्या दुकानात विसरली होती, काकांनी जपून ठेवली असेल. का?

मग त्यांनी आणखी एक फोन केला, तो औषध खात्यात.

*

शनिवारी दुपारी दुकानात बरीच गर्दी झाली, आणि त्यात गिऱ्हाईक एकही नव्हतं. सून माईंचा हात धरून आली होती. नवरा दाराशी उभा होता. दोघांनी एकमेकांकडे न बघण्यासाठी भिंतीवरच्या खोकल्याच्या जाहिराती वाचायला घेतल्या होत्या. काउंटरशी औषध निरीक्षक उभे होते, हातात कागद आणि चेहरा कंटाळलेला.

"हे कशाला?" काकांनी शांतपणे विचारलं.

"इन्शुलिन कोमट मिळतंय अशी तक्रार आहे," चौकशीबाई म्हणाल्या. "साहेब फ्रीज तपासतील. तोवर मी जरा बोलते. चालेल?"

निरीक्षकांनी मान हलवली.

"पहिली गोष्ट, कपाट. मी आयुष्यभर फोडलेली कपाटं बघितली. झोपेच्या गोळ्यांना चोरबाजारात किती मागणी असते ते साहेब सांगतील. खरा चोर ती पाकिटं सोडत नाही. म्हणजे फोडणाऱ्याला खालच्या फळीवर काय आहे ते ठाऊक होतं. शिवाय कडी मुळापासून उपटलीय, त्याला हातभर लांब पहार लागते. मला दाखवलं काय, तर काडीएवढा स्क्रू ड्रायव्हर."

"माझा," नवरा म्हणाला.

"तुमचाच. इथल्या काउंटरवर राहिलेला. तो त्यांनी तुमच्या बायकोला पटवायला पुरावा म्हणून ठेवला. आणि तिची विसरलेली छत्री दाखवली तुम्हाला. खरं ना?"

नवऱ्याने पहिल्यांदा बायकोकडे बघितलं. ती त्याच्याकडे आधीपासून बघत होती.

"तिला सांगितलं, तुझा नवरा आत एकटा होता. तुम्हाला सांगितलं, तुझी बायको आत एकटी होती. दोघांनाही सांगितलं, तुझ्या अब्रूसाठी मी खात्याला कळवत नाही. एकच औषध, दोन रोग्यांना."

"हे सगळं तर्क आहेत बाई," काका म्हणाले.

"तर्कच. फळीवर गोल डाग होता, शेजारी चौकोनी. तुम्ही म्हणालात, तुमची पेटी. तेवढ्याच मापाची पेटी मी त्यांच्या दुकानात बघितली, चष्म्याच्या काचांची. जुनी मोडीत काढली म्हणाले. मोडीत नाही, ती इथे आली होती. मी चोरीचं सांगितलं तर यांनी काय गेलं ते विचारलंच नाही. ज्याचं काही गेलं नाही तो आधी हेच विचारतो. आणि चोराला माहीत असतं, म्हणून तो विचारण्याचं नाटक तरी करतो. हा माणूस नुसता मेल्यासारखा झाला. कारण त्याचंही गेलं होतं."

सुनेच्या तोंडून "काय?" एवढंच निघालं.

"आता घर. बुधवारी पोरीची दशा बघून दया आली आणि घर घ्यायचं सुचलं, असं काका म्हणाले. पण मापं घ्यायला माणूस मंगळवारी आला होता. दया येण्याच्या आदल्या दिवशी. सोमवारी दोघांकडेही पैसे नसले की घर विकायला निघणार, आणि ते स्वस्तात घ्यायला हे तयार. पैसे कुठले? यांचेच. यांच्याच पैशांनी यांचंच घर."

"आणि तुम्ही म्हणता ते सोनंनाणं आहे कुठे?" काकांनी विचारलं.

"बिघडलेल्या फ्रीजला कोणी कुलूप लावतं का हो?" चौकशीबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी बघायला सुना-नातवंडं आहेत, आणि विकायला जावं तर गावातले सराफ ओळखीचे आहेत. घराचं होईपर्यंत ते कुठेतरी ठेवायला हवं होतं. म्हणून औषधं बाहेर काढली. बर्फ वितळला की ती कोमट होतात, हे तुमच्यापेक्षा कोणाला जास्त कळतं?"

किल्ली हरवली होती, असं काका म्हणाले. निरीक्षकांनी कुलूप तोडायला सांगितलं, तेव्हा ती सापडली.

आत गोल डबा होता, आणि पितळी कोपऱ्यांची एक जुनी पेटी. निरीक्षकांनी दोन्ही बाहेर काउंटरवर आणून झाकणं उघडली. डब्यात सोनं. पेटीत काचांच्या खाचांमध्ये नोटांच्या सुरळ्या दाटून खोचलेल्या.

"हे कोणाचं?" निरीक्षकांचा कंटाळा गेला होता.

"माझं," काका म्हणाले. त्यांचा आवाज अजूनही मृदू होता. "आयुष्यभराची बचत. दुसऱ्या कोणाचं असेल तर त्यांनी सांगावं. कोर्टात शपथेवर लिहून दिलेलं असेलच त्यांनी."

दोघांच्या नजरा पुन्हा खोकल्याच्या जाहिरातींवर गेल्या.

चौकशीबाई एक पाऊल मागे सरकल्या. इथून पुढचं काम त्यांचं नव्हतं. त्यांच्याकडे तर्क होते, पण 'हे माझं' असं दोघांपैकी कोणीतरी म्हटल्याशिवाय त्या तर्कांना काडीची किंमत नव्हती. काकांनी चोरी कुलपाच्या भरवशावर केलीच नव्हती. ती त्यांनी या दोघांच्या लाजेच्या भरवशावर केली होती, आणि लाज अजून जागच्या जागी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथे मूठ झाकलेली राहिली तर घर जाणार होतं.

सुनेने माईंचा हात सोडला.

"डबा माझा आहे," ती म्हणाली. आवाज फुटत होता. "बिस्किटांवर नंबर आहेत, पावत्या बँकेतल्या माझ्या खणात आहेत. शपथपत्रात लिहिलं नाही. मी खोटं बोलले."

नवरा भिंतीला टेकला. त्याने चष्मा काढला, पुसला, पण पुन्हा घातला नाही.

"पेटी माझी. दुकानातली बिनपावतीची कमाई. मीही नाही लिहिलं." मग बायकोला, बघण्याचं धाडस न होऊन, "मला वाटलं तू चोरलंस."

"मला वाटलं तुम्ही."

"बघा साहेब," काका पहिल्यांदाच चिडून बोलले, "दोघंही खोटारडे. एकमेकांना फसवायला माझ्याकडे आले. चोरावर मोर झालो तर माझं एवढं काय चुकलं?"

हे इतकं खरं होतं की दोघांच्या माना आणखी खाली गेल्या.

माई काउंटर चाचपत पुढे आल्या. निरीक्षकांनी तपासायला तिथे आणून ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीत हात घालून त्यांनी एक बाटली काढली, तळव्यावर धरली आणि काकांच्या आवाजाच्या दिशेने पुढे केली.

"आणि मी काका? मी कोणाशी खोटं बोलले होते?"

काकांनी बाटली घेतली नाही. त्यांनी काउंटरवरचा चष्मा उचलला, उगीचच पुसला आणि खाली बसले. निरीक्षक पोलिसांना फोन लावत होते.

*

सोमवारी कोर्टात दोघांनी नवी शपथपत्रं दिली. न्यायाधीशबाईंनी ती मोठ्याने वाचायला लावली, आधी तिला आणि मग त्याला, भरल्या दालनात. नंतर दोघांनाही दंड ठोकला, त्याला कराचा भरणा वेगळा, आणि वर अर्धा तास असं काही सुनावलं की वकीलसुद्धा आपापल्या बुटांकडे बघत होते. लपवलेलं सगळं एकत्र धरून वाटणी पुन्हा झाली. त्यात तिला त्याचा हिस्सा भरता आला. घर तिच्या नावावर झालं, माईंच्या बोटांचा डाग भिंतीवर राहिला. दोघांनी पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतं, तर हे सहा महिन्यांपूर्वीच झालं असतं, असं न्यायाधीशबाई म्हणाल्या. त्यावर दोघांनी एकाच वेळी "हो" म्हटलं.

मंगळवारी सकाळी सून चौकशीबाईंकडे आली. पाकीट पुढे केलं.

"तुमची पूर्ण फी. फक्त एक, त्यांना सांगू नका मी दिली ते. त्यांना कमीपणा वाटेल. आधीच खूप झालंय."

चौकशीबाईंनी पाकीट घेतलं.

दुपारी नवरा आला. दाढी केलेली होती. त्यानेही पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"तुमची फी. पूर्ण आहे. पण तिला कळू देऊ नका हं. तिला वाटेल मी उपकार..."

"थांबा," चौकशीबाई म्हणाल्या. त्यांनी खणातून सकाळचं पाकीट काढलं आणि दुसऱ्याशेजारी ठेवलं.

तो बघत राहिला. हळूहळू त्याला कळलं. मानेपासून वरपर्यंत लाल झाला, अगदी त्याची बायको झाली होती तसा.

"म्हणजे अजून आम्ही..."

"अजून," त्या म्हणाल्या. "मला फी एकदाच हवी. कोणी किती द्यायची ते दोघांनी ठरवा आणि दोघांनी मिळून पाठवा. ही दोन्ही पाकिटं उचला. एक तिला नेऊन द्या."

"मी? काय सांगू तिला?"

"जे आहे ते."

तो पाकिटं घेऊन खाली उतरला. चौकशीबाई खिडकीत उभ्या राहिल्या. रस्त्याच्या कडेला तो बराच वेळ फोन हातात धरून नुसता उभा होता. दोनदा खिशात ठेवला, दोनदा काढला. शेवटी कानाला लावला. पलीकडून फोन उचलला गेला असावा, कारण त्याने चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान खाली घालून बोलायला लागला.